बापाचा रकाना

उलबोसिन हे नाव ऐकलं की सिरदर्या नदीकाठच्या किझिलोर्डात कुणी पुढे काही विचारत नाही, नावातच सगळी कहाणी आली. उलबोसिन म्हणजे 'मुलगा होऊ दे'. लागोपाठ चौथी मुलगी झाली तेव्हा बापाने, जाकसिलिकने, देवाला नीट ऐकू जावं म्हणून तिचं नावच तसं ठेवलं. देवाने ऐकलंही, पुढच्या खेपेला मुलगा झाला. काम झालं, पण नाव काही परत घेता येईना. ते पोरीच्या गळ्यात पडलं ते पडलंच.

तिने मात्र त्याचं रडगाणं कधी गायलं नाही. अल्माटीला जाऊन संगणकाचं शिकली, परत आली, गावातल्या दोन-तीन कचेऱ्यांची कामं धरली आणि तिशी ओलांडेपर्यंत लग्नाचं नाव काढलं नाही. तिला खरा अभिमान होता तो भावकीच्या वंशावळीचा. ते काम तिच्याकडे आणलं ओरिनबासार आगांनी. हे आगा म्हणजे भावकीच्या मंडळाचे प्रमुख आणि निवृत्त गुरांचे डॉक्टर. "आयुष्यभर घोड्यांचे बाप-आजे लक्षात ठेवले," ते म्हणायचे, "आता माणसांचे ठेवतो. घोडे बरे होते, निदान मानपानावरून रुसत नव्हते."

सात पिढ्यांच्या आतली मुलगी ती बहीण, तिच्याशी लग्न नाही. हा नियम तिथे दुधाच्या दातांबरोबर शिकवतात, आणि पोराला सात बापांची नावं आली नाहीत तर त्याच्या घरच्यांची लाज जाते. पूर्वी नावं म्हाताऱ्यांच्या तोंडी होती. म्हातारे निघून जाऊ लागले तशी आगांनी घराघरांतून कागदपत्रं गोळा केली आणि उलबोसिनने ती सगळी डेटाबेसमध्ये भरली. एकेका पुरुषाला एकेक ओळ. ओळीत चार रकाने: क्रमांक, नाव, गाव आणि बापाचा क्रमांक. बापाचा क्रमांक धरून वर गेलं की आजा, त्याच्यावर पणजा, असं थेट जुन्या खानांच्या काळापर्यंत चढत जाता येई.

"आईचा रकाना?" तिने सुरुवातीला एकदा विचारलं होतं.

"आईचा कशाला?" आगा म्हणाले. "नदी मोजताना दोन्ही काठ मोजतं का कुणी?"

ती हसली होती. खरं सांगायचं तर तिलाही ते बरंच वाटलं. चार रकान्यांत सगळी भावकी बसते, पसारा नाही, गुंता नाही. तिला नीटनेटकेपणाची फार हौस.

मग तिने एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. तिला मुलाचं आणि मुलीच्या बापाचं नाव द्यायचं. ती डेटाबेसशी जोडणी करायची. आता जोडणी म्हणजे परक्याच्या घरी जाण्यासारखंच असतं. घर कुठे, दार कोणतं, आलंय कोण आणि खूण काय, एवढं बरोबर सांगितलं तर आत घेतात, एक अक्षर चुकलं तर दारातूनच परत. आत गेली की स्क्रिप्ट विचारायची, याचा बाप कोण? उत्तर आलं की त्याचा बाप कोण? दोन्हीकडून अशी चढत जायची आणि दोन्ही वाटा जिथे मिळतील त्या पूर्वजाचं नाव नि पिढी सांगून, जोडणी बंद करून बाहेर पडायची. स्क्रिप्टला उलबोसिनने फक्त वाचायचा हक्क दिला होता. डेटाबेसमध्ये काही बदलायचं तर दुसरा पासवर्ड लागे, आणि तो आगांकडे. हाही तिचाच हट्ट. "आगा, उद्या कुणी म्हणायला नको की पोरीने घरबसल्या कुणाचा बाप बदलला."

मंडळाच्या खोलीत माणसांची रीघ लागली. मुलीच्या कानात झुमके घालायला मुलाची आई निघाली, की आधी ही खोली. गेल्या वसंतात शिएली गावाचा एक मुलगा आणि इथली एक मुलगी अशी जोडी आली होती. सातव्या पिढीला वाटा मिळाल्या. मुलीची आई उलबोसिनचा हात धरून रडली. म्हणाली, "ऐनालायिन, माझी सोन्यासारखी पोर तू, पुन्हा बघ ना, घरचे म्हातारे तर आठवी सांगतात." उलबोसिनने पुन्हा बघितलं, तेच आलं. "आपा, म्हातारे विसरतात," ती म्हणाली, "मशीन खोटं बोलत नाही." ती बाई तिच्या तोंडावर थुंकली नाही, एवढंच. लग्न मोडलं. शिएलीच्या लोकांनी मंडळाशी बोलणं टाकलं. उलबोसिनला वाईट वाटलं, पण आपण चुकलो असं वाटलं नाही. बरोबर असण्यात एक ऊब असते आणि ती त्या उबेत बसली होती.

आणि मग तिची स्वतःची पाळी आली.

तिचं जमलं होतं ते सिरिमशी, तो कालव्याच्या दरवाज्यांवर काम करायचा. सिरदर्याचं पाणी भाताच्या खाचरांना कधी सोडायचं, किती सोडायचं, हे त्याच्या हातात. दिसायला उमदा, बोलायला गोड, आणि घरातल्या म्हातारीचा जीव की प्राण. म्हातारी म्हणजे कुलाश आपा. ती त्याची खरी आजी. तिच्या मुलाला, कैरातला, पहिला मुलगा झाला तो हा सिरिम, आणि पहिलं नातवंड आजी-आजोबांचं, ही तर रीतच. कुलाशने पन्नाशी उलटल्यावर त्याला कुशीत घेतलं नि तिथून तो तिचा मुलगा झाला. तिला तो आपा म्हणे; कुणाही थोर बाईला म्हणतात तसं, पण त्याच्या तोंडी अर्थ आई. जन्मदात्या बापाला आगा म्हणे, म्हणजे दादा. आणि जिने नऊ महिने पोटात वाढवला त्या रायखानला म्हणे जेंगे. म्हणजे वहिनी. हे सगळ्या गावाला माहीत होतं आणि कुणीही ते तोंडाने म्हणत नव्हतं. कुशीत घेतलेल्या पोराला 'तू हिचा नव्हेस' म्हणणं हे पाप आहे, आणि म्हाताऱ्या बाईला म्हणणं त्याहून मोठं.

जाकसिलिकने घरी बसून बोटांवर मोजून झालं होतं. दोन्ही घराणी बोरांबाय नावाच्या एका पूर्वजापासून फुटलेली, पण तो दोन्हीकडून आठवा. "वाट मोकळी आहे," तो बायकोला म्हणाला. "यंत्राला विचारायचं ते फक्त रीत म्हणून."

तर रीत म्हणून सगळे मंडळाच्या खोलीत जमले. कुलाश आपा मानाच्या जागी, गुडघ्यावर रुमाल, रुमालाच्या गाठीत झुमके. शेजारी कैरात. रायखान दाराजवळ चहा ओतायला, कारण चहा सुनेनेच ओतायचा. सिरिम नवीन सदरा घालून, भिंतीला टेकून, उलबोसिनकडे बघून हळूच भुवया उडवत होता. तिचं लक्ष उडालं आणि पासवर्डचं एक अक्षर चुकलं. जोडणी नाकारली गेली.

"बघा," आगा म्हणाले, "पोरीचं स्वतःचं लग्न म्हटल्यावर पूर्वजसुद्धा दार उघडेनात. आहेर मागत असतील." सगळे हसले. तिने पुन्हा टाकला. जोडणी झाली, नावं एकाखाली एक पडू लागली आणि थांबली.

उलबोसिनने वाचलं. मग तोंडाने सांगायचं तिच्यावरच आलं, कारण नेहमी तीच सांगायची.

"बोरांबाय," ती म्हणाली. "माझ्याकडून आठवा. सिरिमकडून... सातवा."

कुणीतरी चहाचा घोट मोठ्याने गिळला. कुलाश आपाने रुमालाची गाठ आणखी आवळली.

"चूक आहे," जाकसिलिक उठत म्हणाला. "मी मोजलंय. आठवा आहे!"

"म्हातारे विसरतात," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं. आवाज हळू होता, पण उलबोसिनला तो थोबाडीत मारल्यासारखा लागला. तिचंच वाक्य होतं ते.

घरी आल्यावर तिने रडून घेतलं, तोंड धुतलं आणि लॅपटॉप उघडला. सिरिमची ओळ बघायला तिला फार वेळ लागला नाही. बापाच्या रकान्यात कैरातचा क्रमांक नव्हता, तोलेगेनचा होता. तोलेगेन म्हणजे कुलाशचा मेलेला नवरा, सिरिमचा आजा. जन्माच्या कागदावर आजोबांनी त्याला मुलगा म्हणून लावून घेतलं होतं, आणि डेटाबेस कागदांवरून भरलेला. मधली एक पिढी, जिवंत, मिशीवाली, रोज समोरून जाणारी, गायब झाली होती. स्क्रिप्टने तिला जे दिसलं ते इमानदारीने वाचून दाखवलं.

आधी तिला हायसं वाटलं, एका आकड्याचं तर काम. मग तिला शिएलीचा तो मुलगा आठवला. त्याला कुणी वाढवलं होतं? हे तिने विचारलंच नव्हतं. त्याच्या आईबापांनीही सांगितलं नव्हतं, कारण ते कसं सांगणार? म्हणजे कदाचित तिथेही मधली एक पिढी गळली होती. पण खोटं कशाला बोलायचं, तो विचार तिने लगेच बाजूला सारला. आधी आपलं बघू, ती मनात म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने आगांना गाठलं. तिने सांगायच्या आधीच ते मान हलवू लागले.

"मला माहीत आहे पोरी. सिरिमच्या बारशाच्या मेजवानीत मीच घोडा कापायला उभा होतो. कैरातचा पोर आहे, आंधळ्यालाही कळेल."

"मग काल बोलला का नाहीत?"

"कुलाश आपासमोर? मला जगायचंय अजून."

"बरं, तोंडाने नका बोलू. तो आकडा तेवढा बदला. पासवर्ड तुमच्याकडे आहे."

आगांनी खिडकी लावून घेतली. "तुझं यंत्र नव्हतं तेव्हा काय व्हायचं माहीत आहे? आम्ही दोन म्हातारे बसायचो, दाढी कुरवाळायचो, एकमेकांकडे बघायचो आणि म्हणायचो, आठवा आहे, द्या आशीर्वाद. कुणाच्या घरातली झाकली मूठ उघडायची गरजच पडत नसे. आता तू सगळ्यांसमोर सातवा म्हणालीस. उद्या मी गुपचूप आठवा केला, तर शिएलीचे लोक मला कच्चा खातील. म्हणतील, आमच्या पोराच्या वेळी मशीन खोटं बोलत नव्हतं, मंडळाच्या पोरीच्या वेळी बोलायला लागलं?"

"मग मी काय करू आगा?"

"चार माणसांत घरच्या कुणीतरी म्हटलं पाहिजे की सिरिम कैरातचा. कुलाश आपा म्हणू दे, नाहीतर सिरिम स्वतः म्हणू दे. त्याच बैठकीत मी आकडा बदलतो, आणि झुमके मीच आणून देतो."

ती कालव्यावर गेली. सिरिम दरवाज्याचं चाक फिरवत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, कपाळाचा घाम पुसला.

"एवढंच ना? मी बोलेन."

"आपांसमोर बोलशील?"

"बोलेन म्हटलं ना. एक वाक्य तर आहे."

"सिरिम, मी एकतीस वर्षांची आहे. माझ्याशी खेळू नकोस."

"अगं वेडे, तुझ्याशिवाय मी कुणाशी लग्न करणार आहे? शुक्रवारी बैठक लावा. बोलतो मी." आणि त्याने तिच्या केसांतून भाताचं एक तूस काढलं. ती घरी गाणं गुणगुणत गेली.

पण शुक्रवारच्या आधीच, एका दुपारी, कुलाश आपा स्वतः मंडळाच्या खोलीत आली. काठी टेकत, एकटी.

"ओरिनबासार कुठाय?"

"नमाजाला गेलेत आपा."

"बरं झालं. मला ते यंत्र दाखव." ती खुर्चीवर बसली, पडद्याकडे बघितलं. "माझं नाव दाखव यात."

उलबोसिनने हात कीबोर्डवरून काढला. "आपा, यात बायका नाहीत."

"कुणीच नाही?"

"कुणीच नाही. मीसुद्धा नाही."

"हे तूच केलंस ना?"

"हो."

"आणि स्वतःलासुद्धा घातलं नाहीस?" म्हातारीला खरोखरच आश्चर्य वाटलं. "आम्ही निदान अडाणी होतो गं."

उलबोसिनला राग आला आणि लाजही वाटली. तिने तोलेगेनची ओळ काढून दाखवली.

"त्याच्याखाली कोण कोण?"

"कैरात आगा. आणि सिरिम."

"आहे ना सिरिम तिथे? अजून आहे?" तिने पडद्यावर बोट ठेवलं. "माझा पहिला मुलगा माझ्या सासूने घेतला. तो आता तुझ्या यंत्रात माझा दीर असेल, बघ. आहे ना? तोलेगेनचा भाऊ म्हणून लागलेला. आयुष्यभर मला जेंगे म्हणाला तो. मी त्याला दूध पाजलं आणि तो मला वहिनी म्हणाला. कैरातचा पोरगा हातात घेतला तेव्हा म्हटलं, हा माझा. हा मला आपा म्हणेल. आता तू सांगतेस तो पण सोड."

"मी सोडा म्हणत नाही आपा. तो तुम्हाला आपाच म्हणेल. फक्त एक आकडा आहे."

"एकच आकडा असेल तर तुझं लग्न का अडलंय त्याच्यावर?"

म्हातारी काठी टेकत उठली. दाराशी थांबून म्हणाली, "शुक्रवारी बघते. माझी जीभ वळली तर वळली."

शुक्रवारी कुलाश आपाच्या घरी बैठक बसली. मटण शिजत होतं, बाउर्साकच्या फुगीर गोळ्यांचा ढीग तळून ठेवला होता. म्हातारे आले, शिएलीचे लोकही आले आणि दारालगत तोंडं बांधल्यासारखे बसले. उलबोसिन लॅपटॉप घेऊन आगांच्या शेजारी. जोडणी करून ठेवली होती, या खेपेला आगांच्या पासवर्डने, लिहायच्या हक्काची. तिला फक्त सिरिमची ओळ उघडून एक क्रमांक बदलायचा होता. रायखान समोवारजवळ बसून वाट्यांत चहा ओतत होती, अर्धी-अर्धी वाटी, रीतीप्रमाणे, म्हणजे पाहुण्याने पुन्हा पुन्हा मागावा.

आगांनी घसा खाकरला. म्हणाले, "कुलाश आपा, चार माणसांत विचारतो, राग मानू नका. सिरिम कुणाचा?"

म्हातारीने रुमालाची गाठ सोडली, पुन्हा बांधली. उलबोसिनने मनातल्या मनात पाणी सोडलं. आणि मग कुलाश म्हणाली, अगदी हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं:

"कैरातचा आहे. माझा नातू आहे तो."

उलबोसिनच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या मोठ्या मनाची बाई तिने आजवर बघितली नव्हती, आणि तिला तिच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं. तिने सिरिमची ओळ उघडली.

"नाही!" सिरिम उभा राहिला.

त्याचा चेहरा लाल झाला होता. तो गुडघ्यांवर आला, म्हातारीचे दोन्ही हात धरले. "आपा, काय बोलताय हे? कुणासाठी बोलताय? मी तुमचा आहे. तुमच्याच पोटचा. तोलेगेनचा मुलगा आहे मी, आणि मरेपर्यंत तोच राहणार. लग्नासाठी मी माझी आई विकीन, असं वाटलं तुम्हाला?"

आणि तो रडायला लागला. म्हातारी त्याचं डोकं छातीशी धरून त्याच्याहून मोठ्याने रडू लागली. मग काय विचारता! सगळी बैठक विरघळली. म्हातारे डोळे पुसू लागले. कुणी म्हणालं, असा मुलगा प्रत्येकीच्या पोटी येवो. कुणी म्हणालं, या जमान्यात असं कुठे बघायला मिळतं! शिएलीच्या एका माणसाने उठून सिरिमच्या पाठीवर थाप मारली. कैरात चहाच्या वाटीत बघत मूग गिळून बसला होता. कुलाश आपा दुसऱ्यांदा काही बोलली नाही. तिचा सुरकुतलेला चेहरा इतका उजळला होता की उलबोसिनला बघवेना. तिने हातचं सोडलं होतं आणि ते दसपटीने परत आलं होतं. आता ती कशाला पुन्हा सोडते?

आगांनी उलबोसिनकडे न बघता लॅपटॉप हळूच मिटला. "माणसाने स्वतःचा बाप स्वतः सांगितला," ते पुटपुटले. "आता आम्ही कोण?"

कुणी झुमक्यांचं नाव काढलं नाही. मटणाची परात आली. मोठ्या माणसांना मेंढीच्या डोक्याचा मान, आशीर्वाद, हात धुणं, सगळं यथासांग झालं. उलबोसिनचं लग्न मोडलं होतं आणि ती त्या मोडण्याच्या मेजवानीला बसली होती. उठून जाणं बरं दिसलं नसतं. ती जेवली.

नंतर अंगणात सिरिमने तिला गाठलं. डोळे अजून ओले, पण चेहऱ्यावर एक समाधान, चांगलं काम करून आलेल्या माणसासारखं.

"रागावलीस?"

"तू बोलणार होतास."

"अगं, तू बघितलं नाहीस त्यांच्याकडे? ते बघून कुणाला बोलवेल?"

"त्या बोलल्या होत्या सिरिम. त्यांनीच सांगितलं होतं. तू नुसता गप्प बसला असतास तरी झालं असतं. तुला बोलायचीसुद्धा गरज नव्हती!"

तो जरा गडबडला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "ऐक. थोडा धीर धर. आपा काय जन्माला पुरणार आहेत? त्यानंतर कुणाला वाईट वाटणार? ओरिनबासार आगा आकडा बदलतील, एका मिनिटाचं काम."

हा माणूस तिला आवडत होता, तीन वर्षं आवडत होता, आणि तिला त्याची शिसारी आली.

"म्हणजे तुझी आई मरायची वाट मी बघायची," ती म्हणाली. "आणि ती मेली रे मेली की तू तिचा नातू होणार. जिवंत आहे तोवर पोटचा, पुरली की आजी. हे आत जाऊन सांग ना त्यांना, आत्ता सगळे रडतायत तोवर."

"तुझी जीभ फार कडू आहे."

"जा सिरिम. पाहुणे निघतायत, निरोप दे त्यांना."

तो गेला. जाताना पाठ अशी ताठ, जणू अन्याय त्याच्यावर झाला होता.

ती फाटकापाशी आली तेव्हा मागून पावलं वाजली. रायखान होती. हातात पिशवी, तिच्यात मेजवानीतलं उरलेलं मटण नि बाउर्साक बांधलेले. पाहुण्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही म्हणून देतात तसं. उलबोसिनने मुकाट्याने पिशवी घेतली. रायखान मात्र परत फिरली नाही. ओले हात एप्रनला पुसत तिथेच उभी राहिली.

"बाळंत मी झाले होते," ती म्हणाली.

उलबोसिनने पिशवी खाली ठेवली.

"हिवाळा होता. दोन दिवस कळा देत होते. याच घरात, त्या मागच्या खोलीत." रायखान अगदी साध्या आवाजात सांगत होती, बाजाराचा भाव सांगावा तसं. "ओरिनबासार आगांनी आपांना विचारलं. सिरिमला बोलू दिलं. तू सिरिमकडे गेलीस, आगांकडे गेलीस, आपा तुझ्याकडे येऊन गेल्या हेही मला ठाऊक आहे. मला कुणी विचारलंच नाही. मी वाट बघत होते. म्हटलं, मुलगी शिकलेली आहे, ही तरी विचारेल."

"तुम्ही... तुम्ही सांगितलं असतंत?"

"सांगितलं असतं. किती वर्षं तोंडाशी आलेलं आहे. कुणी नुसतं विचारायचा अवकाश होता."

उलबोसिनने तिचा हात घट्ट धरला. "मग चला ना जेंगे! आत्ता चला. अजून सगळे आहेत. आगा आहेत, लॅपटॉप आहे, मी एका मिनिटात..."

रायखानने हात सोडवून घेतला. झटका दिला नाही, हळूच सोडवला.

"आता कशी येऊ? आता त्याने भर बैठकीत सांगितलं की तो आपांच्या पोटचा. मी आत जाऊन बोलले तर सगळ्यांसमोर तो खोटा पडेल. पहिल्यांदा आई म्हणून तोंड उघडायचं, आणि ते पोराला खोटं पाडायला?"

घरातून कुलाश आपाची हाक आली, समोवार थंड झाला म्हणून. रायखान "आले आपा" म्हणाली आणि लगबगीने आत गेली.